तांब्याचा पैसा आधी काट्यावर ठेवा

हिंगणघाटच्या बाजार समितीत मी एकतीस वर्षं मापारी होतो. कापूस असो, तूर असो, चणा असो, कोणी कितीही सांगितलं तरी माल आधी काट्यावर चढवायचा आणि मगच बोलायचं, ही सवय हाडात मुरली. नोकरी संपली, पण सवय राहिली. आता क्विंटलऐवजी ग्रॅमचे दोन दशांश बघतो, एवढाच फरक.

गावात मी तांब्याची नाणी गोळा करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाच्या घरी कलशात ठेवलेला ढब्बू पैसा निघाला, कोणाच्या वखराला धुऱ्याजवळ काही लागलं, की माझ्याकडे घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचे किती येतील?" मी म्हणतो, बसा, चहा घ्या, आधी वजन करू. तांब्याच्या नाण्याची किंमत सगळ्यांत शेवटी विचारायची असते. आधी वजन, मग कड, मग छाप. हा क्रम मी ज्या नाण्यांवर शिकलो ती अमेरिकेची जुनी तांब्याची नाणी आहेत, साधारण १७८५ पासून १८५७ पर्यंतची. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो. आपल्या मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराईला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पाव आण्यालाही हाच क्रम लागू पडतो.

नांगराचं नाणं

माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो. एका दिवाळीला आला तेव्हा खिशातून कागदाची छोटी पुडी काढून म्हणाला, "मामाजी, याच्यावर नांगर हाय, म्हनून तुमच्यासाठी आनला."

पुडीत काळपट तपकिरी तांबं होतं. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं येत होतं, त्यात धरलं. वर घोड्याचं डोकं, आयाळ अजून मोजता येईल अशी. खाली नांगर. लांब दांडी, मागं धरायचे हात, पुढं फाळ. भोवती लॅटिन अक्षरं, ‘नोव्हा सीझेरिया’, म्हणजे न्यू जर्सीच. मागच्या बाजूला उभ्या पट्ट्यांची ढाल आणि ‘ई प्लुरिबस उनम’, अनेकांतून एक. हे वाक्य आज अमेरिकेच्या प्रत्येक नाण्यावर असतं, ते नाण्यावर पहिल्यांदा आलं ते याच न्यू जर्सीच्या तांब्यावर, १७८६ मध्ये. तेव्हा देश म्हणून त्यांची टांकसाळ नव्हती. राज्यं आपापले ठेके देत होती. न्यू जर्सीने जून १७८६ मध्ये तिघांना तीस लाख नाण्यांचा ठेका दिला आणि वजन ठरवून दिलं, १५० ग्रेन.

मला तो नांगर फार आवडला. माझ्या बापाने आयुष्यभर वखर आणि डवरा धरला, त्याचं चित्र कोण्या सरकारने पैशावर काढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. लगेच काटा काढला. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, तेव्हा १५० ग्रेन म्हणजे ९.७२ ग्रॅम. काट्यावर ९.३८ आले. सव्वादोनशे वर्षांची झीज धरली तर बरोबर. तेव्हापासून मी या नादाला लागलो.

हत्यारं

फार काही लागत नाही. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. सोबत तपासणीचं वजन मिळतं, ते फेकू नका, दर महिन्याला काटा त्यावर तपासा. मी तर प्रत्येक बैठकीला तपासतो. एक व्हर्नियर, व्यास आणि जाडी मोजायला. दहा पट मोठं दाखवणारं भिंग. एक लोहचुंबक, मी जुन्या स्पीकरचा काढून ठेवला आहे. आणि अंथरायला मऊ सुती कापड, कारण तांबं हातातून निसटून फरशीवर पडलं की कडेला पडलेला खड्डा जन्मात जात नाही. नाणं नेहमी कडेने धरायचं. अंगठ्याचा घाम तांब्यावर बसला की वर्षभराने तिथं अंगठ्याचीच नक्षी उमटलेली दिसते.

वजनाचा हिशोब डोक्यात राहावा म्हणून आपला तोळा लक्षात ठेवा. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. कंपनीचा १८३५ चा पाव आणा १०० ग्रेनचा, ६.४८ ग्रॅम. अमेरिकेचा तांब्याचा मोठा सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, शेवटी ठरला १६८ ग्रेनवर, १०.८९ ग्रॅम, म्हणजे तोळ्याला थोडा कमी. झिजलेलं नाणं अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरू शकतं. त्याहून जास्त तूट आली तर थांबा आणि कारण शोधा.

वजन का उतरलं

अमेरिकेच्या सेंटचं वजन तीन वर्षांत दोनदा उतरलं. ते समजलं की छापाची अर्धी गोष्ट आपोआप कळते.

एप्रिल १७९२ मध्ये टांकसाळीचा कायदा झाला. त्यात सेंट २६४ ग्रेनचा ठरला, जवळपास दीड तोळा. पण तांब्याचा भाव चढला. एवढ्या तांब्याचा सेंट काढला असता तर वितळवणाऱ्याचाच फायदा होता. म्हणून नाणी पडायच्या आधीच, जानेवारी १७९३ मध्ये, वजन २०८ ग्रेन केलं, म्हणजे १३.४८ ग्रॅम. १७९५ च्या शेवटी पुन्हा उतरवून १६८ केलं. त्यावर गाडी थांबली ती थेट १८५७ पर्यंत.

आता यातलं कामाचं. जाड सेंटच्या कडेवर अक्षरं कोरलेली असत, ‘शंभर मिळून एक डॉलर’ या अर्थाची. वजन उतरलं तशी चकती पातळ झाली, कडेवर अक्षरांना जागाच उरली नाही, म्हणून कड साधी केली. त्यामुळे १७९५ सालाचे सेंट दोन जातींचे आहेत: जाड, कडेवर अक्षरं, १३.४८ ग्रॅमच्या आसपास. आणि पातळ, साधी कड, १०.८९ च्या आसपास. कोणी १७९५ चा सेंट दाखवला तर साल वाचून थांबू नका. कड बघा, वजन करा. दोघांची साक्ष जुळली पाहिजे. अक्षरांची कड आणि वजन साडेदहा ग्रॅम असं काही हाती आलं, तर ते परत ठेवा.

हा धडा मला पैसे मोजून मिळाला. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक १७९३ चा साखळीवाला सेंट घेतला, मागं साखळीचा छाप असलेला. फोटोत सुंदर दिसत होता. खरा साखळीवाला सेंट कितीही झिजलेला असला तरी लाखांत जातो, तो साडेचार हजारांत कसा येईल, हा विचार मी करायला हवा होता. तो वीस वर्षं चुकीच्या हातात पडून आता माझ्याकडे आला अशी गोष्ट विकणाऱ्याने लिहिली होती, आणि मला ती खरी वाटावीशी वाटली. पुडी उघडून काट्यावर ठेवला, ९.८७. तिथंच छातीत धस्स झालं. कड बघितली, तिथं वेल आणि पट्ट्यांची नक्षी हवी होती, ती गुळगुळीत होती. मग लोहचुंबक जवळ नेला आणि नाणं टुणकन उडून त्याला चिकटलं. आत लोखंड, वरून तांब्याचा मुलामा. तांबं चुंबकाला कधीच चिकटत नाही. तेव्हापासून घेण्याआधी विकणाऱ्याला वजन आणि कडेचा फोटो मागतो. जो देत नाही त्याच्याकडून घेत नाही.

साखळी, टोपी आणि बाई

साखळीवाल्या सेंटवर मला थोडं थांबायचं आहे.

टांकसाळ उभी राहत होती तेव्हा सिनेटने पाठवलेल्या मसुद्यात नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचं डोकं असावं असं होतं. प्रतिनिधिगृहाने ते मोडून काढलं. नाण्यावर माणसाचं डोकं म्हणजे राजेशाही, ती आत्ताच झुगारली. त्यापेक्षा स्वातंत्र्याचं प्रतीक असावं, असं ठरलं. म्हणून आली ती बाई, स्वातंत्र्यदेवी, मोकळे केस वाऱ्यावर उडणारी. आपल्याकडं पाव आण्यावर १८६२ पासून व्हिक्टोरिया राणी आणि पुढे त्यांच्या घरातले राजे बसले, शेवटपर्यंत. तिकडच्या टांकसाळीच्या तांब्यावर राजा कधीच आला नाही. दोन्ही नाणी शेजारी ठेवून बघा, दोन राज्यव्यवस्था तळहातावर दिसतात.

पहिला सेंट १७९३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पडला, एकूण ३६,१०३. पुढं देवी, मागं पंधरा कड्यांची साखळी. तेव्हा राज्यं पंधरा होती, त्यांची एकजूट दाखवायची होती. पण लोकांनी साखळी बघितली ती बेडीसारखी. तेव्हाच्या वर्तमानपत्राने लिहिलं की साखळी हा स्वातंत्र्याला अपशकुन आहे, आणि देवी तर घाबरलेली दिसते. काही आठवड्यांत साखळी गेली आणि पानांचा गोल हार आला. त्याच वर्षी तिसरा छापही आला, खांद्यावर काठी आणि काठीवर टोपी घेतलेली देवी. रोमन काळात मोकळ्या केलेल्या गुलामाला जी टोपी देत, ती ही. तो ठसा कोरणारा जोसेफ राइट त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या पीतज्वराच्या साथीत गेला.

मी कापसाच्या गावचा माणूस आहे, म्हणून मला या १७९३ मधली आणखी एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. त्याच साली एली व्हिटनीने तिकडं सरकी काढायचं यंत्र बनवलं, मार्च १७९४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ज्या जिनिंगच्या भोंग्यावर आमचं गाव उठायचं, त्याचा एक धागा तिथंही जातो. त्या यंत्राने तिकडं कापूस वाढला, आणि कापूस वेचायला गुलामही वाढले. पैशावर टोपी मोकळं झाल्याची, आणि शेतात माणसं विकत घेतलेली. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या तांब्याला चिकटलेल्या आहेत. संग्रह करताना हे माहीत असावं असं मला वाटतं.

त्यानंतरचे छाप भराभर सांगतो. १७९६ पासून १८०७ पर्यंत खांद्यावर वस्त्र घेतलेली देवी. १८०८ ते १८१४ जॉन राइखने कोरलेली, कपाळाला पट्टी बांधलेली. १८१६ पासून पोक्त चेहऱ्याची, डोक्यावर मुकुटपट्टी. १८३९ पासून १८५७ पर्यंत ख्रिस्टियन गोब्रेख्टने कोरलेली, वेणी गुंडाळलेली. मधलं १८१५ साल मुद्दाम लक्षात ठेवा. त्या सालाचा सेंटच नाही. कारण पुढे सांगतो. १८१५ लिहिलेला सेंट कोणी दिला तर चहा पाजून परत पाठवा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने वेणीवाल्या सेंटपासूनच करावी. ते पुष्कळ पडले होते, झिजलेला एखादा मला दोन हजारांच्या आत मिळाला. हातात वजन बसतं, डोळ्याला छाप बसतो. वर्षभर त्यांच्यावर हात बसवा, मगच मागं १७९० च्या दशकाकडं वळा.

एकाच कारखान्याचं तांबं

माझ्या मायचं माहेर खानदेशातलं. तिच्या पेटीत एक पैसा होता, त्यावर तराजू. दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. लहानपणी मला वाटायचं हा बाजार समितीचा पैसा आहे. मोठेपणी कळलं, तो कंपनीच्या मुंबई इलाख्याचा, १८०४ चा, आणि पडला होता इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत, मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर.

हाच बोल्टन फिलाडेल्फियातल्या अमेरिकेच्या टांकसाळीला कोऱ्या चकत्या विकत होता. सुरुवातीला अमेरिकेकडं चांगलं तांबंच नव्हतं. जुनी भांडी, पत्रे, मिळेल ते वितळवून चकत्या काढाव्या लागत. त्यामुळे सुरुवातीच्या सेंटांवर खडबडीत जागा, भेगा, काळे डाग दिसतात, ते जन्माचे आहेत. १७९७ पासून सोहोच्या घोटीव चकत्या पिंपांत भरून जहाजाने येऊ लागल्या आणि नाण्यांचा चेहरामोहरा बदलला. १८१२ मध्ये इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलं, चकत्या येणं बंद झालं, साठा संपला. म्हणून १८१५ रिकामं.

मायचा तराजूवाला पैसा आणि भाच्याने नंतर आणलेला १८०३ चा सेंट मी एकाच कापडावर ठेवतो. एकाच कारखान्याच्या हाताखालून गेलेलं तांबं, एक खानदेशात उतरलं आणि एक फिलाडेल्फियात.

ठशांच्या जाती

त्या काळी ठसा हाताने कोरत. एक ठसा तडकला की दुसरा कोरायचा, आणि दुसरा पहिल्यासारखा कधीच होत नसे. एखाद्या पानाला जास्त बेरी, एखाद्या आकड्याची शेपटी लांब, कुठं अक्षर चुकून दोनदा ठोकलेलं. साखळीच्या एका ठशावर तर देशाचं नाव मावलं नाही म्हणून ‘अमेरि.’ एवढंच कोरून टिंब दिलं. १७९४ च्या एका ठशावर मागच्या बाजूला कडेच्या दात्यांमध्ये बारीक ९४ तारे आहेत. ते का कोरले कोणी सांगू शकलेलं नाही. विल्यम शेल्डन या अमेरिकी नाणे-अभ्यासकांनी १७९३ ते १८१४ च्या सेंटांच्या अशा जाती लावून त्यांना क्रमांक दिले, ते आजही चालतात. नाण्याच्या दर्जाचे १ ते ७० आकडे जगभर वापरतात, तेही त्यांनी १९४९ मध्ये याच सेंटांसाठी मांडले.

शिवराई गोळा करणाऱ्याला यात काही नवीन वाटणार नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण कुठं शिव, कुठं सिव, कुठं सीव. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं बाहेरच राहिलेली. चार शिवराया शेजारी मांडल्या की एक पूर्ण वाचता येते. सेंटचंही तसंच करा. एकाच सालाचे दोन-तीन झिजलेले सेंट घ्या, महागड्या एकापेक्षा ते जास्त शिकवतात. भिंगाखाली नाणं सरळ न धरता तिरपं धरून हळूहळू फिरवा. उजेड एकाच बाजूने येऊ द्या. ट्यूबलाइटखाली काहीच दिसत नाही, खिडकीजवळ सकाळी आठ-साडेआठला सगळं दिसतं. अमेरिकेचं नाणं उलटताना वहीचं पान उलटतो तसं उलटू नका, वरून खाली उलटा, म्हणजे मागचा छाप सरळ दिसेल.

धुऊ नका

एका दिवाळीला मी समितीतून घरी आलो तर ओसरीवर परातीत माझ्या चौदा शिवराया चमकत होत्या. मायने चिंच आणि मीठ लावून घासल्या होत्या. ती खुशीत होती. "किती कळंक चढला होता त्याइले, धून टाकले ना म्या." मी काही बोललो नाही. तिने देवाच्या तांब्याच्या भांड्यांसारखं प्रेमाने केलं होतं. पण दीडशे-दोनशे वर्षांत चढलेला तो चॉकलेटी रंग गेला तो गेला. चिंचेच्या आंबटपणाने वरचा थर खाल्ला, आतलं गुलाबी कच्चं तांबं उघडं पडलं, आणि अक्षरांच्या कडा बोथट झाल्या. एका शिवराईवरचं ‘राजा’ त्या दिवसानंतर मला पुन्हा वाचता आलं नाही. त्या चौदा मी आजही ठेवल्या आहेत, वेगळ्या पाकिटात.

तेव्हा चिंच, लिंबू, राख, बाजारातली भांडी घासायची पूड, टूथपेस्ट, यांपैकी काहीही नाण्याला लावायचं नाही. तपकिरी रंग हा नाण्याचा कातडा आहे, तो मळ नाही.

मळ आणि तेलकटपणा काढायचा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन वापरा. काचेच्या वाटीत, उघड्या हवेत, चुलीपासून लांब. नाणं बुडवा, दहा मिनिटं ठेवा, काढा, वाळू द्या. पुसायचं नाही. घट्ट चिकटलेल्या मातीला शुद्ध खनिज तेलात महिनाभर पडू द्या, मग भिंगाखाली बाभळीच्या काट्याच्या टोकाने हळूच उचला. तिकडचे लोक गुलाबाचा काटा वापरतात. आपल्या बाभळीचा लांब आणि सरळ असतो, मला तो जास्त सोयीचा वाटतो. काटा तांब्यापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. सुई मात्र कधीच नको.

हिरवा कळंक दोन प्रकारचा असतो. कोरडा, घट्ट, काळपट हिरवा असेल तर त्याला हात लावू नका, तो शांत बसला आहे. फिकट हिरवी भुकटी उडत असेल आणि काढल्यावर पुन्हा येत असेल, तर ते तांब्याला लागलेलं दुखणं आहे, ते पसरतं. असं नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा.

पावसाळा

आमच्याकडं मे महिन्यात हवेत पाण्याचा थेंब नसतो आणि जुलैत भिंतीला ओल येते. तांब्याला ही उलथापालथ सोसत नाही. बाजारात मिळतात ती मऊ, लवचीक प्लॅस्टिकची पाकिटं घेऊ नका. त्यातून वर्षा-दोन वर्षांत चिकट हिरवट पदार्थ सुटतो आणि नाण्यावर बसतो. मी सुती कापडाच्या छोट्या पिशव्या घरीच शिवून घेतल्या. त्या जाड कागदाच्या पाकिटात, पाकिटं स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. मृगाच्या आधी पुड्या नव्या टाकायच्या, पोळ्याला एकदा उघडून बघायचं. लाकडी कपाटात नाणी उघडी ठेवू नका, लाकडाचा आणि पॉलिशचा वास तांब्याला लागतो.

कायद्याचं

शेतात जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर ते सरळ खिशात घालायचं नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक घाबरतात आणि गुपचूप तांबटाकडं नेऊन वितळवतात. त्यांना मी तऱ्हाळ्याची गोष्ट सांगतो. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा गाव आहे. तिथं १९३९ मध्ये सातवाहनांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा सापडला, तांबं आणि इतर धातूंच्या मिश्रणाचा. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती नाणी वाचली आणि त्यात अशा राजांची नावं निघाली जी पुराणांच्या यादीतही नव्हती. तो साठा कोणी भट्टीत टाकला असता तर ते राजे पुन्हा कधीच कोणाला भेटले नसते.

दुसरं, शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. भाचा एकदा म्हणाला, मामाजी, एक शिवराई मलेही द्या ना तिकडं ठेवाले. मी त्याला फोटो दिला आणि वजन लिहून दिलं.

वही

शेवटचं आणि रोजचं काम म्हणजे नोंद. शंभर पानी वही, पेन्सिल. शाई ओलीने पसरते. प्रत्येक नाण्याला एक क्रमांक, तोच पाकिटावर. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो. कोणाकडून आलं, कधी आलं, काय दिलं, हे त्याच दिवशी लिहायचं. वर्षानंतर आठवत नाही.

माझ्या निवृत्तीला भाच्याने जे पाठवलं त्याची नोंद जशी आहे तशी खाली देतो. ते सरकारी नाणं नाही. सेंटच्या मापाचं खासगी टोकन आहे. तेव्हा तिकडं नाण्यांची टंचाई होती, म्हणून अशी पुष्कळ चालली.

‘क्र. ४१. अमेरिका, टोकन, १८३८. तांबं. चुंबकाला नाही. कड साधी. छाप: गुडघे टेकून बसलेली बाई, हातात बेड्या, हात जोडलेले. भोवती अक्षरं: मी स्त्री नाही का, बहीण नाही का. मागं हार, हारात स्वातंत्र्य हा शब्द आणि साल. पाडलं न्यू जर्सीतल्या बेलव्हिल इथं. बाईच्या गुडघ्यावर आणि साखळीच्या मधल्या कड्यांवर झीज, बाकी स्पष्ट. हाताळलेलं, धुतलेलं नाही. भाच्याकडून, भेट. काटा तपासला. तीनदा ठेवलं, तिन्ही वेळा तोच आकडा.’